बँकांची पत आणि ठेवीदाराचा विश्वास

मराठीतील ‘पत’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. बाजारात उधार मिळण्याची योग्यता म्हणजे पत, आणि चारचौघांत असलेला मान म्हणजेही पतच. बँक नावाची संस्था या दोन्ही अर्थांवर एकाच वेळी उभी असते. कारखान्याच्या मालकापाशी यंत्रे असतात, शेतकऱ्यापाशी जमीन असते, सराफापाशी सोने असते. बँकेपाशी स्वतःचे असे फार थोडे असते. तिच्यापाशी असते ते एक वचन : ठेवीदार मागेल तेव्हा त्याचे पैसे त्याला परत मिळतील. गंमत अशी, की हे वचन सर्व ठेवीदारांच्या बाबतीत एकाच दिवशी पाळता येणार नाही, अशीच प्रत्येक बँकेची रचना असते. आणि हा काही कोणा लबाड चालकाचा दोष नव्हे. बँकेच्या व्यवसायाचे मर्मच त्यात आहे.

समजा, एखाद्या बँकेत शंभर रुपयांच्या ठेवी आहेत. त्यांतले वीस-पंचवीस रुपये ती रोख किंवा तत्काळ विकता येतील अशा सरकारी रोख्यांत ठेवते आणि उरलेले व्यापाऱ्याला, गिरणीला, बागायतदाराला कर्जाऊ देते. एरवी रोज चार माणसे पैसे काढतात, चार भरतात, आणि व्यवहार सुरळीत चालतो. पण बँक अडचणीत असल्याची कुजबुज सुरू झाली, आणि एका आठवड्यात चाळीस रुपयांची मागणी आली, तर काय होते? कर्जाने दिलेले पैसे व्यापाऱ्याच्या मालात आणि बागायतदाराच्या झाडांत गुंतलेले असतात. ते आठवड्यात परत येत नाहीत. मग बँकेची सारी कर्जे चांगली असली तरीही तिचे दार बंद होते. अशा वेळी दारापुढे रांग लावणाऱ्या ठेवीदाराला भित्रा किंवा अडाणी म्हणण्याची प्रथा आहे. वस्तुतः त्याचे वागणे पूर्णपणे विचाराचे असते. पहिल्या येणाऱ्यास सोळा आणे आणि शेवटच्या येणाऱ्यास काहीच नाही, असा हिशेब असेल तर रांगेत पुढे उभे राहणे हाच शहाणपणा ठरतो. सर्वांचे नुकसान होते ते प्रत्येकाच्या या शहाणपणातून.

म्हणूनच अर्थशास्त्र दोन आजारांत काळजीपूर्वक भेद करते. ज्या बँकेची मालमत्ता देण्याहून अधिक आहे, पण हातात रोकड नाही, ती टंचाईत सापडलेली बँक. आणि जिची कर्जेच बुडीत निघाली आहेत, ती दिवाळखोर बँक. पहिलीला मध्यवर्ती बँकेने चांगल्या तारणावर हात सैल सोडून कर्ज द्यावे आणि दुसरीचा कारभार शक्य तितक्या लवकर गुंडाळावा, हे सूत्र एकोणिसाव्या शतकापासून मान्य आहे. सांगायला ते सोपे आहे. परंतु संकटाच्या ऐन दिवशी समोरची बँक कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणे फार कठीण असते, आणि विकसनशील देशात तर ते विशेषच कठीण होते. तेथे एका मुलखाची बँक त्याच मुलखातील ठेवी घेते, तेथल्याच पिकांवर आणि जमिनींवर कर्ज देते. पिकाचा भाव पडला म्हणजे कर्जदार थकतो, तारण ठेवलेल्या जमिनीला गिऱ्हाईक मिळत नाही, आणि त्याच महिन्यात ठेवीदारालाही पैशाची नड लागते. टंचाई आणि दिवाळे यांच्यामधली भिंत अशा वेळी कागदाइतकी पातळ होते.

याखेरीज आणखी एक गोष्ट आहे. श्रीमंत देशात बँक बुडाली तर ठेवीदार दुसऱ्या बँकेत जातो. ज्या देशात बँकेची सवयच नवी आहे तेथे तो पुन्हा घरातल्या पेटीकडे, सोन्याच्या पाटल्यांकडे आणि सावकाराकडे जातो. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीने १९५१-५२ साली देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली. श्री. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील या समितीत पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ हेही होते. १९५४ च्या तिच्या अहवालात असे दिसून आले, की शेतकऱ्याने घेतलेल्या एकूण कर्जापैकी व्यापारी बँकांचा वाटा शेकडा एकाहूनही कमी, तर सहकारी संस्थांचा शेकडा तीनच्या आसपास होता. अशा देशात एका बँकेचे दिवाळे वाजते तेव्हा तिच्या ठेवीदारांबरोबर बचत बँकेत ठेवण्याची अजून पुरती न रुजलेली सवयही बुडते.

भारताला हा धडा पुनःपुन्हा मिळाला आहे. स्वदेशीच्या चळवळीने देशात उत्साहाची लाट आणली आणि तिच्याबरोबर भारतीय भांडवलाच्या अनेक बँका उभ्या राहिल्या. उत्साह मोठा होता. भांडवल तुटपुंजे होते. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी भारतीय चलनाविषयीचा आपला ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध केला, आणि या लहान बँका पुढील वाईट काळात टिकाव धरणार नाहीत अशी स्पष्ट भीती त्यात व्यक्त केली. ती त्याच वर्षी खरी ठरली. लाहोरची पीपल्स बँक बुडाली, आणि पाठोपाठ चांदीच्या सट्ट्यात गुंतलेली मुंबईची इंडियन स्पेसी बँकही कोसळली. पुढील चार-पाच वर्षांत लहानमोठ्या कितीतरी बँकांनी दारे लावली. त्या वेळी देशाला मध्यवर्ती बँक नव्हती. कोणाकडे धाव घ्यावी हाच प्रश्न होता.

१९३५ च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँक स्थापन झाली. पण केवळ मध्यवर्ती बँक असणे पुरेसे नाही, हे तीनच वर्षांनी कळून आले. १९३७ साली दोन बँकांच्या एकीकरणातून निर्माण झालेल्या त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँकेने १९३८ च्या जूनमध्ये व्यवहार थांबविला, आणि दक्षिण भारतात घबराट पसरली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पैसा मुबलक होता. बंगालात बँका भराभर निघाल्या, आणि फाळणीनंतर त्यांतल्या अनेक तितक्याच भराभर कोलमडल्या. मात्र याच बंगालात एक निराळा मार्गही दिसला. १९५० च्या डिसेंबरात तेथील चार बँका एकत्र करण्यात आल्या आणि युनायटेड बँक ऑफ इंडिया जन्मास आली. ज्या ठेवीदारांना कदाचित दाराबाहेर उभे राहावे लागले असते, ते एका अधिक भक्कम बँकेचे ठेवीदार झाले. तत्पूर्वी, १९४९ साली, बँकिंग कंपन्यांचा कायदा अमलात आला होता. त्याने रिझर्व्ह बँकेला परवाने देण्याचा आणि बँकांची दप्तरे तपासण्याचा अधिकार दिला.

तपासणीचा अधिकार मिळाला. पण तपासणीत जे दिसेल त्याचे करावयाचे काय, हा प्रश्न उरलाच. मराठीत म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. बँकेला ती जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल. मूठ झाकलेली आहे तोवर दुबळी बँकही चालते, ठेवी येतात, धनादेश वटतात. मूठ उघडली की तीच बँक दुपारपर्यंत संपते. म्हणून तपासनिसाला दोष दिसला तरी तो बँकेच्या चालकांना खासगीत समज देतो, सुधारणेला मुदत देतो, पुन्हा तपासतो आणि पुन्हा समज देतो. या सबुरीत शहाणपणा आहे, कारण काही बँका खरोखरच सावरतात. त्यात धोकाही आहे, कारण ज्या सावरत नाहीत त्यांत या मुदतीत आणखी हजारो लोक आपली पुंजी आणून ठेवतात.

हा पेच सर्वांत तीव्रपणे पुढे आला तो १९६० साली. केरळातील पालै या गावी १९२७ साली निघालेली पालै सेंट्रल बँक तोवर देशातील नामांकित अनुसूचित बँकांपैकी एक झाली होती. तिच्या कारभारातील दोष रिझर्व्ह बँकेच्या तपासण्यांत अनेक वर्षे दिसत आले होते. ८ ऑगस्ट १९६० रोजी रिझर्व्ह बँकेने केरळच्या उच्च न्यायालयात अर्ज करून ही बँक गुंडाळण्याची मागणी केली आणि तिचे व्यवहार थांबले. त्याच वर्षी अकोल्याची लक्ष्मी बँकही बुडाली. मे महिन्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्याच्या पहिल्याच वर्षात वऱ्हाडातील ठेवीदारांवर हा प्रसंग आला, आणि त्यांची व केरळातील ठेवीदारांची अवस्था एकच झाली. दोघांच्या हाती पासबुक होते, आणि त्यावर लिहिलेल्या आकड्याला त्या दिवशी अर्थ उरला नव्हता.

पालैच्या निर्णयावर देशभर वादळ उठले. श्री. एच. व्ही. आर. अय्यंगार हे तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते आणि श्री. मोरारजी देसाई अर्थमंत्री. टीकाकार दोन परस्परविरुद्ध दिशांनी बोलत होते. दोष इतकी वर्षे ठाऊक होते तर बँक आधीच का बंद केली नाही, असे काहींचे म्हणणे होते. तर जी बँक अद्याप पैसे देत होती ती बंद करून तुम्हीच तिचा जीव घेतला, असा इतरांचा आरोप होता. बंद करण्याच्या बाजूचा युक्तिवाद मात्र विचारात घेण्यासारखा आहे. बँक आतून पोखरली असेल तर तिच्या प्रत्येक नव्या दिवशी आतल्या गोटातील आणि माहीतगार माणसे आपले पैसे पूर्ण काढून नेतात, आणि उरलेल्या नुकसानीचा सारा भार दूरच्या, गरीब आणि अनभिज्ञ ठेवीदारांवर पडतो. दार एकदम लावले तर निदान जे काही उरले असेल त्याची वाटणी समप्रमाणात होते. रिझर्व्ह बँकेच्या या अधिकाराला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. १९६२ साली न्यायालयाने तो अधिकार घटनेस धरून असल्याचा निर्वाळा दिला.

कायद्याच्या दृष्टीने निर्णय टिकला. अर्थव्यवहाराच्या दृष्टीने त्याचा परिणाम फार दूरवर गेला. पालैची बँक बंद झाली हे कळताच केरळातील दुसऱ्या बँकांपुढे रांगा लागल्या, आणि त्यांना तगवण्यासाठी रिझर्व्ह बँकेला मदत करावी लागली. ठेवीदारांचा विचार सरळ होता : रिझर्व्ह बँकेच्या यादीतील बँक जर बुडू शकते, तर आपली बँक बुडणार नाही कशावरून? या प्रश्नाला त्या दिवशी कोणापाशी उत्तर नव्हते. खरे पाहता उत्तर बरीच वर्षे कागदावर पडून होते. ग्रामीण बँकिंग चौकशी समितीने १९५० साली आणि श्री. ए. डी. श्रॉफ यांच्या समितीने १९५४ साली ठेवींच्या विम्याची कल्पना उचलून धरली होती. परंतु आभाळ निरभ्र असताना छप्पर शाकारण्याची घाई कोणालाच नव्हती.

पालै आणि अकोला यांनी ती घाई उत्पन्न केली. १९६० मध्येच कायद्यात दुरुस्ती झाली. अडचणीतील बँकेचे देणे काही काळ तहकूब ठेवावे, आणि त्या अवधीत तिचे सबळ बँकेत विलीनीकरण घडवून आणावे, असा मार्ग तिने खुला केला. १९६१ च्या ऑगस्टमध्ये ठेव विमा विधेयक संसदेत मांडण्यात आले, आणि १ जानेवारी १९६२ रोजी ठेव विमा महामंडळाचे काम सुरू झाले. विम्याचा हप्ता बँकेने भरावयाचा; ठेवीदाराला एक पैही द्यावी लागत नव्हती. शंभर रुपये ठेवींमागे वर्षाला पाच पैसे असा तो दर होता. दर बँकेतील दर ठेवीदाराच्या पंधराशे रुपयांपर्यंतच्या ठेवीस संरक्षण मिळाले. आज ही रक्कम क्षुल्लक भासेल. त्या काळी बहुसंख्य खाती पूर्णपणे या मर्यादेत बसत होती. अशी योजना अमेरिकेने १९३३ साली, हजारो बँका बुडाल्यानंतर स्वीकारली होती. तिच्यानंतर हा मार्ग धरणाऱ्या अगदी पहिल्या देशांत भारताची गणना होते.

या विम्याचे खरे काम पैसे वाटण्याचे नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. रांगेत उभे राहण्याचे कारणच तो नाहीसे करतो. शेवटी येणाऱ्यालाही आपली रक्कम मिळणार असेल, तर पहाटे उठून दारापुढे उभे राहण्यात अर्थ उरत नाही. म्हणून ठेव विमा जितका विश्वसनीय, तितकी त्यातून रक्कम देण्याची वेळ कमी येते. यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो खोटा नाही. ठेवीदार निर्धास्त झाला की बँकेचा चालक बेफिकीर होतो. परक्याच्या पैशावर जुगार खेळण्याची सोय होते. तेव्हा विमा एकटा येऊन चालत नाही. त्याच्या जोडीला तपासणी कडक हवी, आणि दुबळ्या बँकांचे वेळीच विलीनीकरण हवे. भारतात तिन्ही गोष्टी बरोबरीने आल्या, हे त्या काळच्या धोरणाचे श्रेय आहे. १९६२ साली विम्याखाली २८७ बँका नोंदल्या गेल्या होत्या. १९६७ अखेर त्यांची संख्या १०० वर आली. त्या साऱ्या काही बुडाल्या नव्हत्या. बहुतेकींना सबळ बँकांत सामावून घेण्यात आले होते. मूठ उघडली, पण ती उघडण्याआधी ठेवीदाराच्या हाताखाली आधार दिला गेला.

हा क्रम उलटा झाला म्हणजे काय होते, याचे उदाहरण दुसऱ्या एका विकसनशील देशाने पुढे दाखविले. इंडोनेशियाने १९८८ साली नव्या बँका काढण्याची मोकळीक दिली. सहा-सात वर्षांत तेथील बँकांची संख्या दुपटीहून अधिक झाली, परंतु देखरेख त्या मानाने वाढली नाही. १९९७ च्या जुलैत थायलंडचे चलन घसरले आणि ते वादळ इंडोनेशियाच्या रुपयावर आले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, १ नोव्हेंबर १९९७ रोजी, सरकारने सोळा बँका बंद केल्या. बंद बँकांतील लहान ठेवींना दोन कोटी रुपयांपर्यंत हमी मिळाली. तेथील चलनात ही रक्कम फार मोठी नव्हे. मोठ्या ठेवींचे काय, आणि उरलेल्या दोनशेहून अधिक बँकांपैकी पुढचा क्रम कोणाचा, याविषयी खात्री देणारे कोणी नव्हते. त्यातच बंद बँकांपैकी एकीचे मालक, राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांचे चिरंजीव, थोड्याच दिवसांत दुसऱ्या बँकेच्या नावाने पुन्हा व्यवसायात उतरले. नियम सर्वांना सारखा नाही, असा बोध लोकांनी घेतला.

मग जे घडले ते १९६० च्या केरळचेच अतिविशाल रूप होते. खासगी बँकांतून ठेवी निघून सरकारी व परदेशी बँकांत गेल्या, आणि पुष्कळ पैसा डॉलरकडे वळला. बँकांना तगवण्यासाठी मध्यवर्ती बँकेने भरमसाट कर्जे दिली, आणि तोच पैसा चलनाला आणखी खाली ओढू लागला. संकटापूर्वी एका डॉलरला सुमारे २,४०० रुपये पडत. १९९८ च्या जानेवारीत तो भाव काही काळ १५,००० च्याही पुढे गेला. त्या महिन्याच्या अखेरीस सरकारने सर्व ठेवींची पूर्ण हमी जाहीर केली. तोवर फार उशीर झाला होता. त्या वर्षी देशाचे उत्पन्न सुमारे तेरा टक्क्यांनी घटले. त्या अरिष्टात परदेशी कर्जाचा आणि राजकीय अस्थैर्याचा वाटा फार मोठा होता, आणि सारा दोष बँका बंद करण्याच्या पद्धतीवर टाकणे न्यायाचे होणार नाही. तथापि अर्धी हमी, तीही संकटाच्या दिवशी घाईने दिलेली, धीर देण्याऐवजी भीतीच वाढविते, एवढे त्यातून निःसंशय सिद्ध झाले. इंडोनेशियाने कायमचा ठेव विमा सुरू केला तो २००५ साली.

भारतातही १९६२ च्या व्यवस्थेने प्रश्न कायमचा सुटला असे नाही. विम्याची मर्यादा वेळोवेळी वाढत १९९३ साली एक लाख रुपयांवर आली आणि तेथेच सत्तावीस वर्षे थांबली. दरम्यान रुपयाची खरेदीशक्ती मात्र थांबली नव्हती. १९७१ पासून सहकारी बँकांनाही विमा लागू होऊ लागला, परंतु त्यांच्यावरील देखरेख दीर्घकाळ दोन धन्यांच्या हाती राहिली. २०१९ च्या सप्टेंबरात मुंबईतील पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले. एकाच बांधकाम समूहाकडे अडकलेली प्रचंड कर्जे दप्तरात झाकून ठेवल्याचे उघड झाले होते. प्रारंभी ठेवीदाराला अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. बँकेचे विलीनीकरण होईपर्यंत २०२२ चा जानेवारी उजाडला. याउलट २०२० च्या मार्चमध्ये येस बँकेवर निर्बंध आले, तेव्हा स्टेट बँकेच्या पुढाकाराने भांडवल उभे करून ते पंधरा दिवसांच्या आतच उठविण्यात आले. मोठ्या बँकेचा ठेवीदार दोन आठवड्यांत मोकळा झाला. सहकारी बँकेचा ठेवीदार, ज्यात निवृत्त माणसे आणि लहान दुकानदार होते, दोन वर्षांहून अधिक काळ ताटकळला. मोठ्या बँकेच्या कोसळण्याने साऱ्या व्यवस्थेला हादरा बसतो, म्हणून तिकडे घाई होते, हे समजण्यासारखे आहे. परंतु औषधासाठी लागणारा पैसा अडकलेल्या वृद्धाला या स्पष्टीकरणाचा काय उपयोग?

या अनुभवातूनच पुढील सुधारणा झाल्या. ४ फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा पाच लाख रुपये करण्यात आली. त्याच वर्षी सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढविण्यात आले. २०२१ च्या दुरुस्तीने, बँकेवर निर्बंध आल्यास विम्याची रक्कम नव्वद दिवसांच्या आत ठेवीदाराला देण्याची तरतूद केली. पूर्वी बँक प्रत्यक्ष गुंडाळली जाईपर्यंत विमा कपाटातच राहत असे. म्हणजे वचन होते, पण त्याला तारीख नव्हती. तारीख नसलेले वचन नडलेल्या माणसाच्या कामी येत नाही.

१९१३ पासूनचा हा सारा इतिहास पाहिला तर एक गोष्ट दिसून येते. बहुतेक प्रत्येक सुधारणा एखाद्या बँकेच्या दिवाळ्यानंतर आली, आणि तिची किंमत त्या दिवाळ्यातील ठेवीदारांनी दिली. पालै आणि अकोल्याच्या ठेवीदारांना विमा मिळाला नाही. त्यांच्या नुकसानीतून तो पुढच्यांना मिळाला. बँकांवरील संकटे टळणार नाहीत. पाऊस चुकेल, भाव पडतील, कोणी चालक लबाडी करील. अर्थनीतीच्या हाती एवढेच आहे, की मूठ कधी उघडावी, नुकसान कोणी सोसावे आणि ठेवीदाराला किती दिवसांत किती रक्कम मिळावी, हे आधी ठरवून ठेवावे आणि ते लहानथोर सर्वांना सारखे लागू करावे. संकटाच्या दिवशी मंत्र्याने किंवा गव्हर्नराने दिलेल्या आश्वासनावर लोक विश्वास ठेवीत नाहीत; कालपर्यंत पाळल्या गेलेल्या नियमावर ठेवतात.